माझ्या स्वप्नातलं गॅरेज

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



सकाळपासून आपण चांगली चांगली भाषणं ऐकली. आपल्या डॉक्टरांनी गुडघ्यांबद्दल सांगितलं, बँकेतल्या मित्राने निवृत्तीनंतरच्या पैशांबद्दल सांगितलं. आता पुरणपोळी झाली आहे आणि पंखे चालू आहेत. संयोजकांना भीती आहे की सगळे झोपतील. म्हणून त्यांनी ठरवलं, सगळ्यात मोठ्या आवाजाच्या यंत्रांबद्दल जो बोलतो त्याला उभा करा.

ज्यांची माझी दहावीनंतर गाठ पडली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं आणि तालुक्याच्या गावी गॅरेज टाकलं. ट्रॅक्टर, ट्रक, पंप, नोझल हेच आयुष्य. लोकांना देवळात गेल्यावर बरं वाटतं, मला भंगाराच्या वखारीत गेल्यावर बरं वाटतं. आमच्या घरात याची बरीच चेष्टा होते. पण त्यातूनच मला जुन्या यंत्रांचा नाद लागला.

माझ्या गॅरेजमध्ये शिकाऊ पोरं असतात. ती मला नेहमी विचारतात, "काका, पैशाची अडचण नसती तर कुठली गाडी घेतली असती?" त्यांना वाटतं मी एखाद्या लांबलचक मोटारीचं नाव सांगेन. आज त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यासमोर देतो. जगात कुठेही असलेलं, कितीही किमतीचं यंत्र आणायची मुभा मिळाली, तर माझ्या गॅरेजमध्ये काय काय उभं असेल?

पहिला मान जर्मनीच्या लांझ बुलडॉगचा. मानहाइम गावच्या हाइनरिश लांझ कंपनीने १९२१ साली तो काढला. फ्रिट्झ हुबर नावाच्या इंजिनिअरची ही करामत. सिलिंडर एकच, तोही आडवा, टू-स्ट्रोक. स्पार्क प्लग नाही, आजच्यासारखा डिझेलचा उच्च दाबाचा पंप-नोझलही नाही. सिलिंडरच्या पुढे लोखंडाचा एक पोकळ गोळा. तो आधी ब्लो-लॅम्पने लाल होईपर्यंत तापवायचा. मग त्या गरम गोळ्यावर तेल पडलं की ते पेट घेतं. एकदा इंजिन चालू झालं की गोळा आपल्याच उष्णतेने तापलेला राहतो, दिवा काढून घ्यायचा. आपल्या शास्त्राच्या सरांना हे आवडलं असतं, कारण त्यांनी "ज्वलनाला काय काय लागतं?" हा प्रश्न आपल्याला किती वेळा विचारला असेल याची गणतीच नाही.

आणि चालू कसा करायचा? बऱ्याच बुलडॉगांचं स्टिअरिंग दांड्यासकट उपसून निघतं. ते काढून बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये खुपसायचं आणि झोका द्यायचा. गंमत म्हणजे टू-स्ट्रोक असल्यामुळे हे इंजिन कधी कधी उलटं चालू होतं. म्हणजे तुम्ही पुढचा गिअर टाकता आणि ट्रॅक्टर मागे निघतो! आपल्या वर्गातही असे दोघे-तिघे होते. नावं घेत नाही, ते समोरच बसलेत. पुढे १९५६ साली ही कंपनी अमेरिकेच्या जॉन डिअरने घेतली.

दुसरा इंग्लंडचा फील्ड मार्शल, गेन्सबरो गावातला. हाही एक सिलिंडरचा, टू-स्ट्रोक डिझेल, सहा लिटरचं एकच भलंमोठं सिलिंडर. याला चालू करायच्या दोन पद्धती. एक म्हणजे पेटता कागद एका होल्डरमध्ये घालून तो इंजिनच्या डोक्यात बसवायचा आणि हँडल मारायचं. दुसरी म्हणजे बंदुकीला असतं तसं काडतूस बसवायचं, त्यावर हातोडी मारायची, आणि धडाम! त्या स्फोटाच्या दाबाने पिस्टन ढकलला जातो आणि इंजिन चालू. पूर्वीच्या ऑइल इंजिनाच्या पिठाच्या गिरणीचा ठोका आठवतो ना? लांबून ऐकू आला की आई म्हणायची, "गिरणी चालू झाली, डबा घेऊन पळ." फील्ड मार्शलचा ठोका त्याच जातीचा, फक्त दणका मोठा.

लॅम्बोर्गिनी आणि पोर्शे यांची नावं तुमच्या नातवंडांना तोंडपाठ असतील. त्यांना सांगा, हे दोघेही शेतातून आलेत. फेरुचिओ लॅम्बोर्गिनीने १९४८ पासून युद्धातल्या टाकाऊ सामानातून ट्रॅक्टर बनवले, मोटार आली ती १९६३ साली. पोर्शेच्या नावाचे लाल डिझेल ट्रॅक्टरही १९६३ पर्यंत बनत होते. त्यामुळे माझ्या बांधावर पोर्शे उभी राहिली तर ती मळायला घाबरणारी नसेल.

आता ज्याच्यासाठी मी वरची तिन्ही विकायला तयार होईन, त्याच्याकडे येतो. छोटा, राखाडी, दिसायला साधा फर्ग्युसन टीई-२०. टीई म्हणजे ट्रॅक्टर, इंग्लंड. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत कॉव्हेंट्रीला असे पाच लाखांहून जास्त बनले. याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आज आपल्या तालुक्यात चालणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे ती लटकलेली आहे.

त्याच्या आधीचा प्रसिद्ध ट्रॅक्टर म्हणजे फोर्डसन. हेन्री फोर्डने १९१७ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. पहिलं महायुद्ध चालू होतं, ब्रिटनला धान्याची चणचण होती, त्यांनी सहा हजार ट्रॅक्टर मागवले. १९२२ मध्ये फोर्डने त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत खाली आणली. सामान्य शेतकऱ्याच्या दारात ट्रॅक्टर आला तो त्यामुळे. पण त्यात एक जीवघेणी गोष्ट होती. नांगर मागे साखळीने ओढायचा. फाळ दगडाला किंवा मुळाला अडकला की नांगर थांबायचा, पण मागची चाकं फिरतच राहायची. मग ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जायचं आणि तो उलटा चालवणाऱ्याच्या अंगावर यायचा. बरीच माणसं त्यात गेली.

उत्तर आयर्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याने नांगर साखळीने ओढायचा सोडून ट्रॅक्टरलाच जोडला. खाली दोन दांडे, वर एक दांडा, तीन बिंदूंनी. फाळाला अडथळा आला की वरचा दांडा पुढे ढकलला जातो आणि तो धक्का ट्रॅक्टरचं तोंड वर उचलायच्या ऐवजी खाली दाबतो. जो जोर माणसाला मारत होता तोच जोर आता ट्रॅक्टरला जमिनीला धरून ठेवायला लागला. शिवाय हायड्रॉलिक लिफ्ट फाळाची खोली आपोआप सांभाळते. आपण आठवीत तरफ शिकलो, टेकू, भार, बल. मला त्यात सहा मार्क पडले होते. पण तरफेचा खरा अर्थ मला पहिल्यांदा लिफ्ट खोलली त्या दिवशी कळला.

१९३८ साली फर्ग्युसन अमेरिकेत फोर्डकडे गेला. टेबलावर छोटं मॉडेल ठेवून दाखवलं आणि दोघांनी लेखी कागद न करता हात मिळवला. हेन्री फोर्ड असेपर्यंत ते चाललं. नंतर नातवाने करार मोडला, फर्ग्युसनने खटला भरला आणि १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. पुढच्या वर्षी त्याने आपली कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसला दिली. तेव्हा सोळा की सतरा दशलक्ष डॉलर यावर घासाघीस अडली, तर या गृहस्थाने नाणं उडवून निकाल लावला आणि दहा लाख डॉलर हरला! आपल्या बाजारात बैलजोडीचा सौदा रुमालाखाली बोटं धरून व्हायचा. मला वाटतं हा माणूस तिथेही शोभला असता.

या राखाडी ट्रॅक्टरची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. एव्हरेस्टवाला एडमंड हिलरी १९५८ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचला, ४ जानेवारीला, तो हेच तीन फर्ग्युसन घेऊन. चाकांवरून पट्टे चढवले होते, वाऱ्यापासून आडोसा म्हणून कापडी केबिन. बाकी शेतातलाच ट्रॅक्टर. भूगोलाच्या बाईंना सांगतो, बाई, नकाशा भरताना मी दक्षिण ध्रुव नेहमी रिकामा सोडायचो. आता तिथे एक ट्रॅक्टर काढीन.

ट्रकांकडे वळतो. परदेशी ट्रक मला दोनच हवेत. एक अमेरिकेचा मॅक एसी, १९१६ चा. मागच्या चाकांना सायकलसारखी साखळी, पुढे बसकं तोंड. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांनी त्या तोंडाकडे आणि त्याच्या चिवटपणाकडे बघून त्याला बुलडॉग म्हटलं. आजही मॅकच्या बोनेटवर कुत्रा बसलेला असतो तो त्यामुळे. दुसरा डॉज पॉवर वॅगन, १९४६ चा. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी गाडीवरून नागरी वापरासाठी काढलेला, चारही चाकांना ओढ असलेला. चिखलात रुतायचं नाही, एवढाच त्याचा धर्म.

इथपर्यंतची यादी जगातला कुठलाही हौशी माणूस सांगेल. लांझ, मॅक, फर्ग्युसन यांना विचारणारे, जपणारे, त्यांचे सुटे भाग नव्याने बनवणारे लोक त्यांच्या त्यांच्या देशात भरपूर आहेत. माझ्या गॅरेजची दुसरी रांग मात्र मी दुसऱ्या कोणावर सोपवू शकत नाही. ती आपल्या रस्त्यांवरची आणि आपल्या शिवारातली आहे.

स्वातंत्र्यानंतर देशात धान्य कमी होतं. मध्य भारतात लाखो एकर जमीन कांस नावाच्या खोल मुळांच्या गवताने अडवली होती, बैलाचा नांगर तिथे हरायचा. त्यासाठी सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना काढली. सुरुवातीला अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले पट्ट्यांचे ट्रॅक्टर वापरले. १९४९ साली भारताने जागतिक बँकेकडून जी अगदी पहिली कर्जं घेतली त्यांतलं एक, एक कोटी डॉलरचं, शेतीच्या यंत्रांसाठी होतं. १९५६ मध्ये राजस्थानात सुरतगडला रशियाने भेट दिलेल्या यंत्रांवर मोठा सरकारी शेतीफार्म उभा राहिला. या देशात ट्रॅक्टर हौस म्हणून आला नाही, भूक होती म्हणून आला.

दुसऱ्या रांगेतला पहिला इंटरनॅशनल बी-२७५. मूळचा ब्रिटनमधला, सुमारे ३५ अश्वशक्तीचा. १९६३ साली महिंद्रांनी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली आणि तो मुंबईला कांदिवलीत बनू लागला. लाल रंग, सरळ रेषेचं बोनेट. आजही दुकानात २७५ नावाचा महिंद्रा मिळतो, तो आकडा या आजोबांचा. आपल्या भागात पहिल्यांदा उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना मी जे धूड पाहिलं, ते हेच.

दुसरा एचएमटी झेटर २५११. चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोचा झेटर, आपल्याकडे १९७१ पासून हरियाणात पिंजोरला बनला. दोन सिलिंडर, २५ अश्वशक्ती. इथे बसलेल्या किती जणांना दहावी पास झाल्यावर एचएमटीचं घड्याळ मिळालं? हात वर करा. बघा! निम्मा वर्ग. मनगटावर एचएमटी आणि मळ्यात एचएमटी, एका सरकारी कंपनीने आपल्याला वेळ दाखवली आणि शेतही नांगरून दिलं. २०१६ साली घड्याळं आणि ट्रॅक्टर, दोन्ही बंद करायचा निर्णय झाला.

तिसरा स्वराज ७२४, १९७४ चा. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आपल्याच इंजिनिअरांनी केला आणि पंजाब ट्रॅक्टर्सने तो मोहालीला बनवला. परदेशी कागद न घेता बनलेला ट्रॅक्टर. माझ्या हातातून असे किती गेले, मोजलेले नाहीत. बिघाड शोधायला सोपा, खोलायला सोपा. ज्याने बनवला त्याला गावातला मेकॅनिक डोळ्यांसमोर दिसत होता, असं काम करताना सारखं जाणवतं.

ट्रक म्हटला की फारगो. वालचंद हिराचंद हे आपल्या सोलापूरचे. त्यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला कारखाना काढला. डॉज, फारगो आणि डिसोटो ही नावं वेगळी, गाडी जवळपास तीच. ड्रायव्हर लोक मात्र त्यावरून भांडायचे, आमचा फारगो चांगला की तुमचा डॉज! लांब नाक, पुढे जाळी, लाकडी केबिन, आत देवाची तसबीर आणि तिच्याभोवती छोटे दिवे.

बेडफर्डला तर मी सलाम करतो. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही आपल्या एसटीची पहिली गाडी धावली, ती बेडफर्ड. लाकडी बॉडी, काथ्याची आसनं. बसच्या खाली चेसिस ट्रकचीच असायची. आपल्यातले अर्धे जण ज्या एसटीने या शाळेत यायचे, तिचं मूळ ते आहे.

टाटा-मर्सिडीज तुम्हाला आठवेल. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. पुढे जाळीवर तीन टोकांचा तारा. १९६९ ला करार संपला, तारा गेला, टाटांचा टी आला. आपल्या गावात मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं त्या ट्रकला "मर्सिडीज" म्हणत. आज मुंबईला कोणी मर्सिडीज घेतली की पेढे वाटतात. आपल्याकडे लोक मर्सिडीजमधून कांदे नेत होते.

आणि शेवटी तीन चाकांचा टेम्पो. हॅनसीट हे त्याचं नाव. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीचा, आपल्याकडे बजाज टेम्पोने १९५८ पासून गोरेगावला आणि पुढे आकुर्डीला बनवला. नाक पुढे, चाक एक, आवाज फटफट. मराठीच्या सरांसाठी एक माहिती देतो. "टेम्पो केला", "टेम्पोत टाकला", "टेम्पोवाला" हे शब्द आपण रोज वापरतो, तो एका जर्मन कंपनीचा छाप होता. कंपनीचं नाव सामान्यनाम झालं. इतका हा टेम्पो आपल्या घरात शिरला. लग्नाचं सामान, गणपती, भाजी, शाळेची बाकं, सगळं त्यातूनच गेलं.

एवढी मोठी यादी मी का सांगितली? कारण दुसऱ्या रांगेतलं एकही यंत्र विकत घ्यायला मला श्रीमंत व्हावं लागत नाही. ती सगळी इथेच, पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत होती. काही अजून आहेत. कुठे गोठ्याच्या मागे, कुठे बाभळीखाली, कुठे टायर जमिनीत गेलेली. आणि दर महिन्याला त्यांतलं एखादं गॅस कटरने कापून, किलोच्या भावाने जातं.

जुन्या मोटारींचं नशीब बरं आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली, नंबरात "व्हीए" ही खास अक्षरं मिळतात. पण ती व्यवस्था प्रामुख्याने खाजगी दुचाकी आणि मोटारी डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. संस्थानिकांच्या मोटारींच्या रॅली निघतात, छान वाटतं. आपल्या अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, मी तीनदा बघून आलो. युद्ध लढलेल्या यंत्राला जागा मिळाली याचा आनंदच आहे. पण ज्याने आपल्याला जेवू घातलं त्या यंत्राला एक पत्र्याची शेड मिळू नये?

आता एक गोष्ट सांगतो, ती आपल्याच वर्गातली आहे. ज्याची आहे त्याची परवानगी घेतली आहे, नाव घेणार नाही असं कबूल केलं आहे. तो बरीच वर्षं परदेशात आहे. वडील गेले, मळा वाटून झाला, आणि शेड दिवाळीच्या आत रिकामी करायची ठरली. शेडमध्ये वडिलांचा बी-२७५. भंगारवाला येऊन भाव सांगून गेला. याने मला फोन केला, "अरे, तूच घे. तुझ्या उपयोगी पडेल. पैसे नकोत."

मी बघायला गेलो. मडगार्ड गंजलेलं, रेडिएटरमध्ये उंदरांचं घर, पण इंजिन फिरत होतं. मी बोनेट उघडून उभा होतो तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरून तात्या आले. हा ट्रॅक्टर त्यांनी तीस वर्षं चालवला. आता वय पंच्याऐंशीच्या पुढे, काठी, डोळ्याला चष्मा जाड. ते काही बोलले नाहीत. आले, डावा हात बोनेटवर ठेवला आणि डिझेलच्या फिल्टरकडे बोट दाखवून म्हणाले, "खालचा बोल्ट आधी ढिला कर. वरून हवा काढलीस तर दिवसभर बसशील." मी चाळीस वर्षं हवा काढतोय. त्यांनी सांगितली तशी काढली, आणि पाच मिनिटांत डिझेल सरळ आलं. या एका ट्रॅक्टरच्या पाइपला कुठेतरी बाक होता आणि तो फक्त तात्यांना माहीत होता.

मग ते बसले आणि बोलू लागले. १९७२ च्या दुष्काळानंतर कोणाकोणाची जमीन पहिल्यांदा नांगरली. कोणत्या विधवा बाईचं रान मालकाने पैसे न घेता नांगरायला लावलं आणि कोणाला सांगू नको म्हणाले. रात्री बाळंतिणीला ट्रॉलीत गवत पसरून तालुक्याला नेलं ती रात्र. ती बाळंतीण म्हणजे आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीची आई, आणि बाळ म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आमच्या मित्राला यातलं काही माहीत नव्हतं. वडील फार बोलायचे नाहीत.

मी त्याला रात्री फोन केला आणि म्हणालो, "ट्रॅक्टर मी घेत नाही. तो तुझा आहे, तुझाच राहू दे. शेडचं भाडं लागत असेल तर माझ्या गॅरेजच्या मागे जागा आहे, तिथे उभा करू. पण तू ये, आणि तात्यांसमोर एक दिवस बस." फोनवर बराच वेळ तो काही बोलला नाही. तो आला. चार दिवस राहिला. तात्या बोलले, याने मोबाइलवर सगळं घेतलं. तेवढ्यात आम्ही इंजिनही चालू केलं.

माझ्या नादाचा सगळा अर्थ मला त्या शेडमध्ये सापडला. लोखंड मिळतं. रिंगा, लायनर, बेअरिंग शोधले तर मिळतात, नाही मिळाले तर लेथवर करता येतात. ज्याला ते यंत्र कानाने कळतं तो माणूस एकदा गेला की कुठल्याच वखारीत मिळत नाही. म्हणून माझ्या स्वप्नातल्या गॅरेजमध्ये प्रत्येक यंत्राशेजारी एक खुर्ची आहे. ती त्याच्या ड्रायव्हरसाठी.

आता तुमच्याकडे तीन मागण्या आहेत, आणि मेकॅनिकची मागणी असल्यामुळे त्या अगदी सोप्या आहेत.

पहिली, घरी गेल्यावर शेडच्या मागे बघा. काही असेल तर विकायच्या आधी मला किंवा आपल्या ग्रुपवर एक फोटो टाका. इंजिनवरची पितळी नाहीतर अल्युमिनियमची पट्टी, नंबर आणि जुनी कागदपत्रं जपा. पट्टी गेली की यंत्राची ओळख गेली.

दुसरी, ठेवायचंच ठरवलं तर नीट ठेवा. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला, पाऊस आत गेला की पिस्टन धरतो. रेडिएटर आणि ब्लॉकमधलं पाणी काढा. बॅटरी काढा. टायर जमिनीवरून उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. क्लच दाबून पॅडलखाली फळी अडकवा, नाहीतर प्लेट चिकटते. इंजिन जाम असेल तर ओढून चालू करायचा पराक्रम करू नका, सिलिंडरमध्ये तेल सोडून आठ-पंधरा दिवस थांबा. आणि कृपा करून आधी रंग देऊ नका. रंगाखाली सगळं झाकलं जातं, खराब भागही आणि कारखान्याचा मूळ रंगही. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवा. उलटा झटका आला तर अंगठा तुटतो. हे मी पोरांना रोज सांगतो, तुम्हालाही सांगतो.

तिसरी मागणी सगळ्यात महत्त्वाची. ज्यांनी ती यंत्रं चालवली, त्यांना या महिन्यात भेटा. वडील असतील, काका असतील, जुना ड्रायव्हर असेल, ट्रकवरचा क्लीनर असेल. फोन समोर ठेवा आणि एकच प्रश्न विचारा, "हा चालू कसा करायचा?" पुढचं ते आपणहून सांगतील.

आपल्या मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालं आहे. शाळेच्या जुन्या सायकल स्टँडची जागा रिकामी पडून आहे. आपल्या मित्राने तो बी-२७५ शाळेला द्यायची तयारी दाखवली आहे. मुलांना तरफ, दाब, ज्वलन, गिअर हे सगळं हात लावून शिकता येईल. पत्रा आणि खांब यांचा खर्च मी आणि आणखी चौघांनी उचलला आहे. रंग देणार नाही. शेजारी एक बाक ठेवणार आहोत, कोणा जुन्या ड्रायव्हरला येऊन बसावंसं वाटलं तर. बाकीच्यांनी चहाच्या वेळी सरांकडे ठेवलेल्या वहीत आपली नावं लिहावीत, किती देणार ते नंतर ठरवू.

आणि आज तो ट्रॅक्टर इथे आणलाय. शाळेच्या मागच्या फाटकाशी, कडुलिंबाखाली उभा आहे. तात्याही आले आहेत, शेवटच्या रांगेत बसलेत, फेटा बांधून. चहा झाला की सगळे तिकडे चला. सेल्फ चालत नाही, हँडल मारावं लागेल. कोण मारणार ते ठरवा. हवा मात्र तात्याच काढणार आहेत.